विश्लेषण : टी-शर्टवरच्या ‘त्या’ पांढऱ्या रेघा आणि २३ व्या वर्षी गेलेला इयन कर्टिस

काळा टी-शर्ट, छातीवर डोंगररांगांसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या रेघा आणि अक्षर एकही नाही. पुण्यात एफसी रोडला किंवा मुंबईत फॅशन स्ट्रीटला तुम्ही हा टी-शर्ट टांगलेला पाहिला असेल. कदाचित तुमच्या कपाटातही असेल. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी तो घेतला तेव्हा हे सिग्नल्सच्या प्रॅक्टिकलमधलं काहीतरी असावं असं मला वाटलं होतं. हे एका इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमचं कव्हर आहे, हे हॉस्टेलवरच्या एका सीनियरनं हसत हसत सांगितलं. माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, पण ते पुढे येईलच.

अल्बमचं नाव ‘अननोन प्लेझर्स’, बँड ‘जॉय डिव्हिजन’. १५ जून १९७९ रोजी तो बाजारात आला. बँडचा गायक आणि गीतकार इयन कर्टिस तेव्हा २२ वर्षांचा होता. अकरा महिन्यांनी, १८ मे १९८० रोजी, त्यानं आत्महत्या केली.

न्यू वेव रॉकचे चाहते हा अल्बम आजही पुन्हा पुन्हा काढून बसतात. दहापैकी किती गुण द्यायचे, कुठलं गाणं वर, कुठलं खाली, दुसरा अल्बम याच्यापेक्षा सरस की नाही, यावर तावातावानं वाद घालतात. या सगळ्यात एक गोष्ट हमखास मध्ये येते, ती म्हणजे इयनचा मृत्यू. शेवट आधीच माहीत असल्यानं त्याची प्रत्येक ओळ निरोपासारखी ऐकू येते. पण ही गाणी लिहिणारा मुलगा तेव्हा सकाळी उठून ऑफिसला जात होता, त्याला लवकरच बाळ होणार होतं आणि एका आजाराशी त्याची नुकतीच ओळख झाली होती. अल्बमला गुण देण्याआधी या मुलाची गोष्ट माहीत असलेली बरी.

कोण होता इयन कर्टिस?

जन्म १५ जुलै १९५६ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या स्ट्रेटफर्डमधला. वाढला मात्र मॅक्लेसफिल्डमध्ये. मँचेस्टरच्या दक्षिणेचं हे गाव एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांसाठी ओळखलं जायचं. वडील रेल्वे पोलिसांत होते. घर मध्यमवर्गापेक्षा थोडं खालचं, पण पोरगा हुशार. अकराव्या वर्षी त्यानं गावातल्या नावाजलेल्या किंग्ज स्कूलची स्कॉलरशिप मिळवली. इतिहास आणि धर्मशास्त्र या विषयांत बक्षिसं घेतली. पुढे ए-लेव्हल, म्हणजे आपल्या हिशेबानं अकरावी-बारावी, त्यानं मध्येच सोडून दिली. आधी मँचेस्टरमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात नोकरी केली, मग सरकारी नोकरीत लागला.

वाचन अफाट होतं. जे. जी. बॅलार्ड, विल्यम बरोज, काफ्का, दस्तयेवस्की. गाण्यांत डेव्हिड बोवी, इगी पॉप आणि जिम मॉरिसन. त्याच्या गाण्यांची शीर्षकंसुद्धा पुस्तकांच्या कपाटातून उतरलेली आहेत. ‘इंटरझोन’ बरोजकडून आलं, तर दुसऱ्या अल्बममधलं ‘अ‍ॅट्रॉसिटी एक्झिबिशन’ बॅलार्डकडून.

२३ ऑगस्ट १९७५ रोजी त्यानं डेबोरा वुड्रफशी लग्न केलं. तो १९ वर्षांचा, ती १८ ची. दोन वर्षांनी मॅक्लेसफिल्डच्या बार्टन स्ट्रीटवर दोघांनी छोटं घर घेतलं. त्या घरात रस्त्याकडेला एक खोली होती, निळ्या रंगात रंगवलेली. तिथे बसून तो लिहायचा. वह्या आणि सुटे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून प्रॅक्टिसला न्यायचा.

बँड जमला कसा?

त्यासाठी १९७६ च्या उन्हाळ्यात जावं लागेल. लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडनं त्या जून-जुलैमध्ये मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये दोन कार्यक्रम केले. पहिल्या कार्यक्रमाला जेमतेम काही डझन लोक होते. त्यात सॅल्फर्डचे दोन शाळासोबती होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. यांना जमतं तर आपल्याला का नाही, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी हुकनं बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नव्हती, हा मुद्दा गौण होता.

पंकची खरी देणगी हीच. वाद्य यायलाच हवं, ही अट त्यानं उडवून लावली. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही होतं त्यांनी लवकरच पंकचा आरडाओरडा मागे टाकला आणि त्याच साध्या सामग्रीतून थंड, विचारी, कधी नाचता येणारं संगीत काढलं. त्याला न्यू वेव म्हणा किंवा पोस्ट-पंक. या दोन नावांच्या सीमारेषेवरून चाहते अजून भांडतात. मी त्यात पडत नाही.

समनर आणि हुक यांनी गायक हवा अशी चिठ्ठी रेकॉर्डच्या दुकानात लावली. इयननं संपर्क केला. कार्यक्रमांत चेहऱ्यानं ओळख झालेलीच होती, त्यामुळे आवाजाची परीक्षाही न घेता त्याला घेतलं. २९ मे १९७७ रोजी ‘वॉर्सा’ या नावानं त्यांनी पहिला कार्यक्रम केला. ऑगस्टमध्ये ड्रमर स्टीफन मॉरिस आला, तोही मॅक्लेसफिल्डचा आणि इयनच्याच शाळेतला. १९७८ च्या सुरुवातीला नाव बदलून ‘जॉय डिव्हिजन’ झालं. नाझी छळछावण्यांतल्या बायकांच्या शोषणावर लिहिलेल्या एका कादंबरीतून हे नाव उचललं होतं. त्यावरून बँडवर टीका झाली आणि ती रास्त होती. विशी-बाविशीतल्या पोरांना धक्का द्यायचा असतो. तो कुणाच्या जखमेवर बसतो, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

बँडमध्ये इयनचं काम गाण्यापुरतं नव्हतं. हुकचा अ‍ॅम्प्लिफायर भिकार होता. समनरच्या गिटारच्या गोंगाटात स्वतःचा बेस ऐकू यावा म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवायचा. हेच छान वाटतंय, असंच वाजव, हे सांगणारा इयन. तिघं तासन् तास काहीबाही वाजवत बसायचे आणि हा कान देऊन बसलेला असायचा. मधूनच एखादा तुकडा पकडायचा, तो परत वाजवायला लावायचा, मग पिशवीतून कागद काढायचा. गाणं असं तयार व्हायचं.

दिवसा तो काय करायचा?

चाहत्यांच्या गप्पांमध्ये हा भाग एका वाक्यात उरकला जातो, पण अल्बमची किल्ली मला इथेच सापडते.

इयन मॅक्लेसफिल्डच्या सरकारी रोजगार केंद्रात होता. अपंग आणि आजारी लोकांना काम मिळवून देणं, हे त्याचं खातं. म्हणजे दिवसभर समोरच्या खुर्चीवर एकामागून एक माणसं येऊन बसणार. कुणाचं शरीर साथ देत नाही, कुणाला मालक ठेवून घेत नाही, कुणी सतराव्यांदा अर्ज भरतंय. इयन त्यांच्यासाठी कंपन्यांना फोन करायचा. डेबोरानं नंतर लिहिलेल्या पुस्तकातून आणि इतर आठवणींतून दिसतं ते असं की हे काम तो मनापासून करायचा. पाट्या टाकणारा कारकून नव्हता.

या लोकांत एक तरुण मुलगी होती. तिला अपस्मार होता. नोकरी शोधायला ती केंद्रात यायची आणि तिथेही तिला फिट्स यायच्या. मग एक दिवस ती यायची थांबली. नवी नोकरी लागली असेल, असं इयनला वाटलं. नंतर कळलं की ती फिटमध्येच गेली.

‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं तिच्यावर आहे. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं, सगळ्यात जास्त वेळा पहिल्या नंबरावर ठेवलं जाणारं गाणं. पुढे जे घडलं त्यामुळे हे गाणं इयनचं आत्मचरित्र आहे, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते रोजगार केंद्रातल्या एका कर्मचाऱ्यानं समोर बसणाऱ्या एका अनोळखी मुलीसाठी लिहिलं. गाणं आधी आलं, स्वतःचं निदान नंतर.

मग त्याला काय झालं?

२७ डिसेंबर १९७८. बँडचा लंडनमधला पहिला कार्यक्रम, ‘होप अँड अँकर’ नावाच्या पबच्या तळघरात. श्रोते मोजकेच. मँचेस्टरकडे परतताना गाडीत इयनला जोराची फिट आली. ल्यूटनच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. २३ जानेवारी १९७९ रोजी डॉक्टरांनी निदान केलं. अपस्मार. ज्या आजाराची माणसं त्याच्या टेबलापलीकडे बसायची, तोच.

अपस्मार म्हणजे, अगदी थोडक्यात, मेंदूतल्या पेशींचा विद्युत व्यवहार अचानक एकाच वेळी उसळणं. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचं तर सर्किट अधूनमधून अनियंत्रित दोलन करू लागतं. झोप न होणं, ताण आणि दारू यांनी फिट लवकर येऊ शकते. काहींना लखलखणाऱ्या दिव्यांनीही येते. आता एखाद्या रॉक बँडच्या गायकाचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. रात्री दोनला घरी, सकाळी ऑफिस, संध्याकाळी पुन्हा गाडी, मंचावर दिवे, नंतर पबमध्ये बिअर. आजाराला पोसणाऱ्या सगळ्या गोष्टी नोकरीच्या अटींसारख्या एका कागदावर मांडल्या होत्या.

उपचार म्हणून फेनोबार्बिटोनसारखी जड औषधं होती. त्या काळी ती सर्रास दिली जायची. सुस्ती, चिडचिड, मन खचणं हे त्यांचे परिणाम आज सगळे डॉक्टर जाणतात. औषधं बदलून बदलून दिली गेली, पण फिट्स आटोक्यात आल्या नाहीत.

त्यात त्याचं नाचणं. मंचावर इयन कोपरं छातीशी घेऊन हात गरगर फिरवत, डोळे एका जागी रोखून नाचायचा. हे निदानाच्या आधीपासूनचं होतं. नंतर मात्र कधी कधी हे नाचणं थेट फिटमध्ये जायचं आणि समोरच्यांना दोन्हींतला फरक कळायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे. बँडमधल्या मित्रांना त्याला उचलून मंचामागे न्यावं लागायचं.

अल्बम कसा तयार झाला?

निदानानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी. एप्रिल १९७९ मधल्या तीन वीकेंडना, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये, स्ट्रॉबेरी स्टुडिओज इथे. ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ ही नवखी कंपनी ग्रॅनडा टीव्हीचा निवेदक टोनी विल्सन आणि त्याच्या मित्रांनी काढली होती. त्याच पंधरवड्यात, १६ एप्रिलला, इयन आणि डेबोराला मुलगी झाली, नताली. कडेवर असताना फिट आली तर, या भीतीनं तो तिला उचलून घ्यायला धजत नसे.

निर्माता होता मार्टिन हॅनेट, रसायनशास्त्र शिकलेला आणि आवाजाच्या बाबतीत कमालीचा हट्टी. बँड मंचावर दणदणाट करायचा. हॅनेटनं तो दणदणाट सोलून काढला. प्रत्येक वाद्य सुटं हवं, एवढंच नाही, तर मॉरिसच्या ड्रम किटमधला प्रत्येक ड्रमही सुटा हवा, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरता कामा नये. डिजिटल डिले हे यंत्र तेव्हा नुकतं आलं होतं. आवाज आकड्यांत साठवायचा आणि काही मिलिसेकंदांनी परत सोडायचा. आज आपल्या फोनमधलं फुकट अ‍ॅपसुद्धा हे करतं. हॅनेटनं ते ड्रमवर लावलं आणि प्रत्येक ठोका रिकाम्या गोदामात पडल्यासारखा वाजू लागला. ‘इनसाइट’मध्ये स्टुडिओच्या जुन्या लिफ्टचा आवाज आहे. त्याच गाण्यात इयनचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतला, म्हणून तो इतका लांबून येतो. ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काचा फुटतात, त्या खरोखर फोडलेल्या बाटल्या आहेत.

समनर आणि हुक यांना हे मुळीच आवडलं नाही. आपलं रॉक कुणीतरी काळ्या-पांढऱ्यात रंगवून ठेवलं, अशी त्यांची तक्रार होती. इयन आणि मॉरिस खूश होते. चाहत्यांमध्ये हा वाद अजून चालू आहे. एका गटाला बँडचं खरं रूप लाइव्ह रेकॉर्डिंगमध्येच दिसतं, दुसऱ्याला हॅनेट हा पाचवा सदस्य वाटतो. मी दुसऱ्या गटात. मात्र हेही खरं की हॅनेटच्या या पोकळ, गार आवाजामुळेच इयन कायम एकटा असल्याचा भास होतो. तो एकटेपणा किती इयनचा आणि किती मिक्सिंगच्या टेबलावरचा, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

दहा गाणी, साधारण ३९ मिनिटं. बाजूंना ‘अ’ आणि ‘ब’ऐवजी ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावं. यातलं एकही गाणं सिंगल म्हणून काढलं नाही.

आणि कव्हरवरच्या रेघा?

त्या आहेत एका ताऱ्याच्या. नोव्हेंबर १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये पीएचडी करणाऱ्या जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या लांबलचक कागदांवर दर १.३३७ सेकंदांनी येणारा एक नियमित ठोका सापडला. तो पहिला पल्सार होता. आकारानं एखाद्या शहराएवढा, वस्तुमानानं सूर्यापेक्षा जड आणि स्वतःभोवती गरगर फिरणारा मृत तारा. त्याला सीपी १९१९ असं नाव मिळालं. या शोधाचं नोबेल १९७४ मध्ये मिळालं ते बेल यांच्या मार्गदर्शकांना, त्यांना नाही. त्यावरची चर्चा अजून थांबलेली नाही.

पुढे हॅरॉल्ड क्राफ्ट या अमेरिकी संशोधकानं पोर्तो रिकोमधल्या अरेसिबो दुर्बिणीनं टिपलेले याच पल्सारचे ठोके एकाखाली एक मांडून १९७० च्या आपल्या प्रबंधात छापले. ८० ठोक्यांच्या ८० रेघा. ते चित्र खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात आलं, तिथून बँडच्या हाती लागलं आणि डिझायनर पीटर सॅव्हिलकडे गेलं. मूळ चित्रात पांढऱ्यावर काळ्या रेघा होत्या. सॅव्हिलनं ते उलटं केलं. कव्हरच्या दर्शनी बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, चेहरा तर नाहीच.

म्हणजे माझा सिग्नल्सचा अंदाज बरोबर होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पल्सारचा अभ्यास हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. तिथल्या स्क्रीनवर उमटणाऱ्या आणि एफसी रोडच्या टी-शर्टवर छापलेल्या रेघा एकाच कुळातल्या आहेत.

अल्बम आल्यावर गाजला का?

समीक्षकांत, हो. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जॉन सॅव्हेज यांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. विक्रीचं चित्र वेगळं होतं. पहिल्या खेपेला १० हजार प्रती काढल्या होत्या आणि त्या काळात अल्बम ब्रिटनच्या मुख्य यादीत आलाही नाही. पण बँडचं नाव झालं. शरद ऋतूत चौघांनीही नोकऱ्या सोडल्या आणि ‘बझकॉक्स’ या मोठ्या बँडबरोबर दौऱ्यावर निघाले. ऑफिसची सकाळ गेली, रात्रीची गाडी राहिली. इयनच्या फिट्स वाढल्या.

घरही विसकटत चाललं होतं. अ‍ॅनिक ऑनोरे ही बेल्जियन तरुणी त्याच्या आयुष्यात आली होती. डेबोराला ते कळलं आणि पुढे तिनं घटस्फोटाची पावलं उचलली. इथे खलनायक शोधण्यात चाहते बराच वेळ घालवतात. त्यातून हाती काही लागत नाही.

मार्च १९८० मध्ये लंडनला दुसरा अल्बम ‘क्लोजर’ रेकॉर्ड झाला. ४ एप्रिलला एकाच रात्री लंडनमध्ये दोन कार्यक्रम होते. पहिल्यात लखलखते दिवे लागले आणि इयन मंचावरच कोसळला. तरी दुसरा कार्यक्रम झाला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच त्यानं जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. ८ एप्रिलला, म्हणजे लगेचच, बरी गावात कार्यक्रम ठरलेला होता. रद्द केला नाही. इयननं दोन गाणी गायली, बाकीची दुसऱ्यांनी. लोक चिडले, बाटल्या फेकल्या, हाणामारी झाली. हे सगळं आपल्यामुळे झालं, असं तो मंचामागे बसून रडत होता.

आज हे वाचताना कुणालाही वाटेल की एवढं दिसत असताना कुणी थांबवलं कसं नाही? बँडमधल्या मित्रांनी नंतरच्या काळात स्वतःला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे. ती सगळी विशीतली पोरं होती. कसा आहेस विचारलं की तो ठीक आहे म्हणायचा, आणि ते मानायचे, कारण दौरा पुढे न्यायचा होता. गाण्यांतल्या ओळी त्यांनी तेव्हा नीट ऐकल्याच नव्हत्या, हे त्यांनी कबूल केलं आहे. मंचावर बेस आणि ड्रमच्या मागे शब्द कुठे ऐकू येतात! आणि ऐकले तरी ते गीतकाराचं काम आहे, पात्रं आहेत, असंच वाटायचं. रोजगार केंद्रातल्या मुलीचं गाणं पाहिलं तर तसं वाटणं चूकही नव्हतं.

२ मे रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात शेवटचा कार्यक्रम झाला. १९ मेला बँड पहिल्यांदाच अमेरिकेला निघणार होता. १८ मेच्या पहाटे इयन गेला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि नताली १३ महिन्यांची. त्या रात्री त्यानं काय पाहिलं, काय ऐकलं, कसं केलं, याच्या कहाण्या इंटरनेटवर रांगेनं सापडतील. त्या इथे पुन्हा सांगत नाही, कारण त्यांनी त्याच्याबद्दल नवं काही कळत नाही. (तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.)

मृत्यूनंतर रेटिंग का वाढलं?

आकडे बोलके आहेत. जूनमध्ये ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे सिंगल आलं आणि ब्रिटनच्या यादीत १३ व्या क्रमांकावर गेलं. जुलैमध्ये ‘क्लोजर’ सहाव्यापर्यंत. आणि वर्षभर यादीबाहेर राहिलेला ‘अननोन प्लेझर्स’ ऑगस्टमध्ये ७१ व्या क्रमांकावर उगवला. गाणी तीच, मिक्सिंग तेच. बदलली होती ती फक्त गायकाची बातमी.

त्यानंतर अल्बम वर वरच जात राहिला. उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ नावानं वेगळंच, नाचायला लावणारं संगीत केलं. १९८३ चं ‘ब्लू मंडे’ आजही पार्ट्यांत वाजतं. डेबोराचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. त्यावर आधारित ‘कंट्रोल’ हा अँटन कॉर्बाइनचा कृष्णधवल चित्रपट २००७ मध्ये. २०१९ मध्ये चाळिशीनिमित्त काढलेली आवृत्ती ब्रिटनच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर पोहोचली. तिचं कव्हर पांढरं होतं, रेघा काळ्या, मूळ पुस्तकातल्या चित्रासारख्या. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या २०२० च्या सर्वकालीन ५०० अल्बमच्या यादीत तो २११ वा आहे. ही जागा कमी की जास्त, यावर अर्थातच वाद आहे.

मॅक्लेसफिल्डच्या स्मशानभूमीत इयनच्या नावाचा एक छोटा दगड आहे. चाहते तिथे जाऊन फुलं, पेनं, चिठ्ठ्या ठेवतात. २००८ मध्ये तो दगडच चोरीला गेला आणि नवा बसवावा लागला. मँचेस्टरमध्ये त्याचं एक भव्य भित्तिचित्र होतं. २०२२ मध्ये त्यावर एका रॅपरच्या अल्बमची जाहिरात रंगवली गेली तेव्हा इतका गदारोळ झाला की त्या रॅपरलाच चित्र परत आणण्याची तयारी दाखवावी लागली.

ऐकायचा तर कुठून सुरुवात करावी?

हेडफोन लावून, क्रमानं. शफल बंद ठेवा. पहिलं ‘डिसऑर्डर’ धावतं आहे, ते लगेच आवडेल. ‘डे ऑफ द लॉर्ड्स’ जड जाईल, पण सोडू नका. ‘न्यू डॉन फेड्स’मध्ये गिटार पायरी पायरीनं कशी चढते आणि इयनचा खालचा आवाज तिच्यामागून कसा वर येतो, ते ऐका. त्याला गायक म्हणून कमी लेखणाऱ्यांना हे एक गाणं पुरेसं आहे. मग ‘शीज लॉस्ट कंट्रोल’. ते ऐकताना टी-शर्ट, भित्तिचित्र, चित्रपट सगळं बाजूला ठेवा आणि मॅक्लेसफिल्डच्या त्या ऑफिसात टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली दोन माणसं डोळ्यांसमोर आणून पाहा. मी पहिली पाच-सहा वर्षं हे गाणं चुकीच्या माणसाबद्दलचं समजून ऐकत होतो.

माझे गुण विचाराल तर दहापैकी साडेनऊ. अर्धा कापला तो ‘इंटरझोन’साठी. ते मुख्यतः हुक गातो आणि इयन मागे असतो. बाकीच्या नऊ गाण्यांच्या मधोमध ते पाहुण्यासारखं वाटतं. ‘क्लोजर’ याहून मोठा अल्बम आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे, पण ‘क्लोजर’ सलग दोनदा ऐकायची माझी अजून हिंमत झालेली नाही.